साडेसहा एकरांसाठी १५, २१ की २४ अश्वशक्ती? लहान ट्रॅक्टरच्या निवडीबद्दल मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न: कापूस-संत्रा उत्पादक, ता. आर्वी, जि. वर्धा

नमस्कार मंडळी. माझ्याकडे साडेसहा एकर जमीन आहे. दोन एकरांत बारा वर्षांची संत्र्याची बाग आहे आणि झाडांमधील अंतर सहा बाय सहा मीटर आहे. उरलेल्या साडेचार एकरांत कापूस, त्यात तुरीचे तास (ओळी), आणि आलटूनपालटून एक-दीड एकर सोयाबीन असते. विहिरीकडचा लहानसा मुरमाड तुकडा सोडला तर सगळे वावर भारी काळ्या मातीचे आहे.

वडिलांच्याने आता डवरा (पिकाच्या तासांमधले तण काढायचे बैलांचे अवजार) धरणे होत नाही आणि सालगडी मिळत नाही, म्हणून मागच्या उन्हाळ्यात बैलजोडी विकावी लागली. यंदाचा हंगाम मी पूर्णपणे भाड्याच्या ट्रॅक्टरवर काढला. जुलैत वाफसा (पावसानंतर माती कामाजोगी होण्याची स्थिती) आला त्या दिवशी ट्रॅक्टर दुसऱ्या गावी होता, तो आमच्याकडे आला तेव्हा पुन्हा पाऊस लागला होता, आणि त्या आठ-दहा दिवसांत सोयाबीनचा एक एकर तणात गेला. म्हणून स्वतःचा लहान ट्रॅक्टर घ्यावा असे घरात ठरले आहे.

माझ्या डोळ्यांसमोर तीन पर्याय आहेत. पहिला पर्याय १५ अश्वशक्तीच्या, एका सिलिंडरच्या, मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरचा आहे, म्हणजे स्वराज ७१७ किंवा महिंद्रा युवराज २१५. दुसरा कुबोटा निओस्टार ए२११एन आहे. तो २१ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा आणि चारही चाकांना ओढ असलेला आहे. तिसरा महिंद्रा जिवो २४५ आहे. तो २४ अश्वशक्तीचा, दोन सिलिंडरचा आणि चारही चाकांच्या ओढीचा आहे. नांगरटीपासून फवारणीपर्यंत आणि कापूस जिनिंगवर नेण्यापर्यंत सगळी कामे एकाच ट्रॅक्टरवर व्हावीत अशी माझी इच्छा आहे. विक्रेते आपापलाच ट्रॅक्टर चांगला असे सांगतात. ज्यांनी अशा जमिनीत लहान ट्रॅक्टर प्रत्यक्ष चालवला आहे त्यांचे म्हणणे मला ऐकायचे आहे.

उत्तर १: संत्रा बागायतदार, ता. वरुड, जि. अमरावती

भाऊ, माझ्याकडे चार एकर संत्रा आहे आणि २४ अश्वशक्तीचा, चारही चाकांच्या ओढीचा ट्रॅक्टर गेली पाच वर्षे आहे. तुमच्या तीन पर्यायांतून कोणता घ्यावा हे सांगण्याआधी तुमच्या बागेत त्याला कोणते जड काम करावे लागेल ते पाहू. ते काम रोटाव्हेटरचे (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणाऱ्या अवजाराचे) नाही, फवारणीच्या ब्लोअरचे आहे.

ब्लोअरचा पंखा पीटीओवर (इंजिनची ताकद अवजाराला देणाऱ्या, ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालतो आणि बारा वर्षांच्या झाडाच्या शेंड्यापर्यंत व आतल्या पानांपर्यंत औषध पोहोचवायचे असेल तर त्याला भरपूर ताकद लागते. १५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवर लहान ब्लोअर चालतो, परंतु उंच झाडात हवा कमी पडते आणि मग माणूस पुन्हा हातात पाइप घेऊन फिरतो. बागेचा विचार केला तर २१ किंवा २४ यांपैकीच एक घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

आता माझ्याकडून झालेली चूक सांगतो. मी सुरुवातीला ४०० लिटर टाकीचा, तीन बिंदूंच्या जोडावर (अवजार धरून उचलणाऱ्या, ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यांवर) उचलला जाणारा ब्लोअर घेतला. ट्रॅक्टरची उचल क्षमता ७५० किलो लिहिलेली होती आणि पाणी ४०० किलो, यंत्र साधारण २०० किलो, म्हणून हिशेब बसतो असे मला वाटले. पण ही क्षमता जोडाच्या टोकाशी मोजलेली असते आणि भरलेल्या टाकीचे वजन त्या टोकाच्या बरेच मागे असते. पहिल्याच दिवशी धुरा (शेताचा बांध) ओलांडताना पुढची चाके जमिनीपासून उचलली गेली. सुदैवाने माझा वेग कमी होता. त्यानंतर मी तो ब्लोअर विकला आणि स्वतःच्या चाकांवर मागे ओढला जाणारा घेतला. उचलायचाच असेल तर टाकी लहान घ्या, समोर वजने लावा आणि पूर्ण टाकी भरून धुऱ्यावर चढू नका.

दुसरी गोष्ट रोटाव्हेटरची. संत्र्याची अन्न घेणारी मुळे वरच्या फूटभर मातीतच असतात. ट्रॅक्टर घरचा झाला की रोटाव्हेटर वारंवार आणि खोल मारण्याचा मोह होतो, मुळ्या तुटतात आणि त्याच जखमांतून फायटोप्थोरा ही बुरशी शिरून झाडाला डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागतो. मी आता झाडाच्या घेराखाली यंत्र नेतच नाही, मधल्या पट्ट्यात तीन-चार इंचांपेक्षा खोल जात नाही आणि पावसाळ्यात शक्यतो गवत कापून तिथेच पसरतो. सहा मीटरच्या ओळीत तुमच्या वयाच्या झाडांचा घेर दोन्ही बाजूंनी वाढल्यावर मधे पाच-सहा फुटांचीच वाट उरते. तिच्यातून तिन्ही ट्रॅक्टर जातील, पण आंबिया बहाराची फळे लागून फांद्या खाली वाकल्या की अरुंद आणि ठेंगणा ट्रॅक्टर किती उपयोगी असतो हे लक्षात येते. त्या बाबतीत २१ अश्वशक्तीचा अरुंद ट्रॅक्टर माझ्या २४च्या ट्रॅक्टरपेक्षा सरस आहे, हे मी शेजाऱ्याच्या बागेत पाहिले आहे.

उत्तर २: कापूस उत्पादक महिला शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

नमस्कार भाऊ. वरच्या उत्तरात बागेचे सगळे आले आहे, म्हणून मी फक्त पऱ्हाटीबद्दल, म्हणजे कापसाबद्दल लिहिते. आमची पाच एकर कोरडवाहू जमीन आहे आणि १५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आहे. तो मी आणि माझा मुलगा, आम्ही दोघेही चालवतो.

तुम्ही कापूस किती अंतरावर लावता हे लिहिलेले नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. आम्ही आधी तीन फुटांच्या तासांत लावत होतो. तीन फुटांच्या तासांमधून कोणताही चारचाकी ट्रॅक्टर डवरणी करू शकत नाही, कारण ट्रॅक्टरची रुंदीच तीन फुटांच्या आसपास असते. एक तास दोन चाकांच्या मधे घेऊन वरून जाता येते, परंतु लहान ट्रॅक्टरच्या पोटाखाली जेमतेम फूटभर जागा असते, त्यामुळे पहिल्या महिन्यानंतर झाडाचे शेंडे मोडू लागतात. पहिल्या वर्षी आम्हाला हे कोणीच सांगितले नाही. ट्रॅक्टर दारात उभा आणि डवरणीसाठी बैलजोडी भाड्याने, अशी आमची अवस्था झाली होती.

पुढच्या वर्षी आम्ही तास चार फुटांवर नेले आणि दोन झाडांमधील अंतर दोन फुटांवरून दीड फुटावर आणले. ९० बाय ६० सेंटीमीटर आणि १२० बाय ४५ सेंटीमीटर या दोन्ही पद्धतींत एका झाडाला सारखीच जागा मिळते आणि एकरी झाडांची संख्या साधारण ७,५०० हीच राहते, त्यामुळे झाडे कमी होण्याची भीती बाळगू नका. चार फुटांत आमचा ट्रॅक्टर पीक दोन महिन्यांचे होईपर्यंत मधून जातो. त्यानंतर फांद्या एकमेकींना भिडतात आणि तसेही आत जाण्याचे कारण उरत नाही. तुरीच्या तासाशेजारी अंतर थोडे अधिक ठेवा, कारण तूर नंतर आडवी पसरते. शिवाय दोन्ही धुऱ्यांकडे वळायला आठ-दहा फूट जागा मोकळी सोडावी लागते; ती सोडली नाही तर प्रत्येक फेरीला टोकाची चार-पाच झाडे चाकाखाली जातात.

१५ अश्वशक्तीचे काम समाधानकारक आहे, पण त्याच्या मर्यादाही सांगते. वखरणी, पेरणी, डवरणी आणि तीन फुटी रोटाव्हेटर हे सगळे तो करतो. भारी जमिनीत खोल नांगरट तो करत नाही. ती आम्ही दोन-तीन वर्षांतून एकदा उन्हाळ्यात मोठ्या ट्रॅक्टरच्या पल्टी नांगराने भाड्याने करून घेतो. उन्हाळ्यात ट्रॅक्टर सहज मिळतो आणि आठ दिवस इकडेतिकडे झाले तरी नुकसान नसते. तुमचे जे नुकसान झाले ते जुलैच्या वाफशाचे होते, आणि ते लहान ट्रॅक्टर निश्चित टाळू शकतो. म्हणून नांगरटीचे काम तुमच्या यादीतून काढून टाका, निवड सोपी होईल.

आणखी एक. ऐन जुलैत आमच्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा एक सुटा भाग गेला आणि तो मिळायला नऊ दिवस लागले. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या तालुक्यात तिचीच सेवा उत्तम असेल. विकत घेण्यापूर्वी तुमच्या आर्वीत किंवा जवळच्या गावात कोणत्या ट्रॅक्टरचा मिस्त्री आहे आणि त्याच्याकडे कोणते भाग नेहमी असतात, हे मिस्त्रीलाच जाऊन विचारा.

उत्तर ३: निवृत्त कृषी अभियांत्रिकी शिक्षक, अकोला

वरील दोन्ही उत्तरे अनुभवातून आलेली आहेत आणि मला ती मान्य आहेत. मी फक्त मोजमापाची बाजू जोडतो.

ट्रॅक्टरच्या बॉनेटवर लिहिलेली अश्वशक्ती इंजिनची असते. पीटीओपर्यंत येताना तिच्यातील साधारण दहा ते पंधरा टक्के भाग कमी होतो, आणि चाकांमधून प्रत्यक्ष ओढ म्हणून जमिनीवर उतरताना ती आणखी घटते. पावसाळ्यातील भुसभुशीत, ओलसर काळ्या मातीत ही घट फारच मोठी असते, कारण चाक घसरते. चारही चाकांच्या ओढीचा खरा फायदा इथे आहे. मागची दोन चाके जागच्या जागी फिरू लागतात त्या वेळी पुढची चाके उरलेली ताकद जमिनीत उतरवतात. मात्र डांबरी रस्त्यावर ही सोय बंद ठेवावी, अन्यथा पुढचे टायर लवकर झिजतात.

विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेचा अहवाल मागवून वाचावा. देशातील ट्रॅक्टरांची तिथे ठरावीक पद्धतीने चाचणी होते आणि अहवालात पीटीओवरील कमाल शक्ती, इंधनाचा खर्च, ओढ, उचल क्षमता, वळण्याची त्रिज्या आणि जमिनीपासूनची उंची हे सारे मोजून दिलेले असते. तुमच्या तीन पर्यायांचे अहवाल शेजारी ठेवा आणि प्रथम पीटीओची शक्ती पाहा, मग त्या शक्तीच्या वेळी डिझेल किती लागते ते पाहा. इंजिनच्या अश्वशक्तीतील तीनचा फरक पीटीओवर तेवढाच राहतो का, याचे उत्तर तिथे मिळेल.

रोटाव्हेटरची रुंदी ट्रॅक्टरच्या मागच्या दोन्ही टायरांच्या बाहेरील कडांपेक्षा थोडी अधिक हवी, नाही तर चाकाने दाबलेला पट्टा तसाच राहतो. कामाचा वेगही रुंदीवरून काढता येतो. एक मीटर रुंदीचा रोटाव्हेटर ताशी अडीच किलोमीटर वेगाने चालवला आणि वळण्यात चौथा हिस्सा वेळ गेला असे धरले, तर ताशी जवळपास अर्धा एकर होतो. चार फुटी रोटाव्हेटरने त्याच वेगात सव्वा तासात पाऊण एकराच्या थोडे अलीकडे पोहोचता येईल. साडेचार एकरांसाठी हा फरक दीड-दोन तासांचा आहे. तेवढ्यासाठी मोठा ट्रॅक्टर घेण्याचे कारण नाही. ब्लोअरसाठी मात्र आहे.

आता पैशांचे. तुमची कामे मी अंदाजे मोजली: दोन वेळा रोटाव्हेटर, पेरणी, चार डवरण्या, बागेतील आठ-दहा फवारण्या, गवत कापणी आणि थोडी वाहतूक धरून वर्षाला सुमारे १२० तास होतात. समजा, तुम्ही ४,००,००० रुपये कर्ज पाच वर्षांसाठी, वार्षिक हप्त्याने आणि १० टक्के व्याजाने घेतले. पहिल्या वर्षी ८०,००० मुद्दल आणि ४०,००० व्याज असे १,२०,००० रुपये भरावे लागतील, म्हणजे डिझेल घालण्यापूर्वीच ट्रॅक्टरचा प्रत्येक तास १,००० रुपयांचा पडतो. पुढच्या वर्षांत व्याज उतरते, तरी हा आकडा समोर ठेवूनच कर्जाचा कागद सही करावा. शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांच्या डवरणीचे आणि फवारणीचे काम मिळून तास दुप्पट झाले तर हाच खर्च निम्म्यावर येतो. लहान ट्रॅक्टर असलेले लोक गावात कमी असतात, त्यामुळे हे काम मिळू शकते.

२२ सप्टेंबर २०२५पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे आणि ट्रॅक्टरच्या टायरांवरचा १८वरून ५ टक्के झाला आहे. जुन्या कोटेशनवर विसंबू नका, नवे घ्या. अनुदान घ्यायचे असेल तर राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा, निवड झाल्यावर कागदपत्रे भरा आणि पूर्वसंमती हातात येईपर्यंत खरेदी करू नका. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचे बिल असल्यामुळे अनुदान गमावलेले शेतकरी मी पाहिले आहेत, आणि त्यांची तक्रार कुठेच टिकत नाही.

उत्तर ४: धान उत्पादक, ता. पवनी, जि. भंडारा

आमच्या भागात परिस्थिती वेगळी आहे, तरी एक गोष्ट सांगतो. धानाच्या बांध्यांत चिखलणीसाठी आम्ही हलका, चारही चाकांच्या ओढीचा ट्रॅक्टर पसंत करतो, कारण जड ट्रॅक्टर रुतला की काढायला दुसरा आणावा लागतो. तुमच्या काळ्या मातीतही वजनाचा विचार करा. टायरमध्ये पाणी भरल्याने उन्हाळ्यातील कोरड्या जमिनीत पकड वाढते, पण तेच वजन पावसाळ्यात डवरणी करताना माती दाबते. खरिपाच्या आधी पाणी काढून टाका. बाकी आपल्या जमिनीचा अंदाज आपणांस अधिक आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: आर्वी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. ताई, तुम्ही विचारलेले अंतर सांगायचे राहिले होते. आम्ही तीन फुटांवरच लावतो, आणि खरे सांगायचे तर ट्रॅक्टर आल्यावर डवरणी कशी होईल हा विचार मी केलाच नव्हता. काल वडिलांशी बोललो. चार फूट म्हटल्यावर त्यांना आधी पटले नाही, पण झाडांची संख्या तेवढीच राहते हे कागदावर मांडून दाखवल्यावर त्यांनी यंदा दोन एकरांत करून पाहण्यास होकार दिला.

नांगरट मी यादीतून काढली आहे. त्यामुळे १५ अश्वशक्ती कापसाला पुरेल आणि बागेला कमी पडेल, एवढे स्पष्ट झाले. २१ आणि २४ यांच्यात मन अजून अडकलेले आहे. बुदनीचे दोन्ही अहवाल मिळवून वाचणार आहे. आर्वीतील मिस्त्रीकडेही जाऊन आलो. त्यांच्याकडे या दोघांपैकी एकाचेच भाग नेहमी असतात. महाडीबीटीवर अर्ज केला आहे, त्यामुळे पूर्वसंमती येईपर्यंत तसाही वेळ आहे. एक शंका उरली आहे. गावातील एका नातेवाइकाकडे मोठ्या ट्रॅक्टरची पंजी (फाळांचे कल्टिव्हेटर) आणि पेरणी यंत्र पडून आहे. ते लहान ट्रॅक्टरला लावता येईल का?

उत्तर ५: निवृत्त कृषी अभियांत्रिकी शिक्षक, अकोला

बहुधा नाही. लहान ट्रॅक्टरच्या तीन बिंदूंच्या जोडाची रुंदी अनेकदा कमी असते आणि मोठ्या अवजाराच्या पिना त्यात बसत नाहीत. लोहाराकडून पिना बदलून अवजार बसवलेच, तरी नऊ फाळांची पंजी भारी जमिनीत २४ अश्वशक्तीला ओढवणार नाही आणि उचलताना पुढचा भाग हलका होईल, म्हणजे वरुडच्या भाऊंनी धुऱ्यावर जे अनुभवले तेच पुन्हा होईल. पंजी पाच फाळांची घ्या. पेरणी यंत्राच्या बाबतीत मात्र एक शक्यता आहे: त्याची चौकट कापून चार फुटांच्या तासांसाठी दोन दात्यांचे यंत्र तयार करता येते. तसे करण्यापूर्वी ट्रॅक्टर घरी येऊ द्या, मागच्या दोन चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर टेपने मोजा आणि दाते त्या मापाशी जुळवूनच बसवा. तास एकदा चुकीच्या मापाने पडले की हंगामभर डवरणीला अडचण होते.

उत्तर ६: कापूस उत्पादक महिला शेतकरी, दारव्हा

भाऊ, वडिलांनी होकार दिला हे वाचून समाधान वाटले. एक सूचना: ते दोन एकर धुऱ्याच्या लांब बाजूला समांतर पेरा. तास लांब राहिले की वळणे कमी होतात आणि टोकाला सोडावी लागणारी जागाही कमी लागते. आणि मिस्त्रींकडे ज्या ट्रॅक्टरचे भाग नेहमी असतात तो २१चा असो की २४चा, अहवालात पीटीओची शक्ती ब्लोअरला पुरेशी दिसली तर मी तोच घेईन.